कॉनरॅडची पावाची सायकल

कॉनरॅडचं आयुष्य ट्रॉलरचं इंजिन सांभाळण्यात गेलं. समुद्र सुटल्यावर तो बायकोच्या भट्टीचे पाव पोचवू लागला. पाव कोणासाठी थांबत नाहीत, गार होतात.

आपोलिनाची भट्टी मालवणात. मोठं गिऱ्हाईक तारकर्लीची सुगंधा. ती पर्यटकांना खोल्या देते. एका सकाळी तिने कॉनरॅडला तोंडावर सांगितलं, "पात्रांव, तुमचे पाव येतत तवसर पावण्यांची च्या पिवन होता. स्कूटरवालो गरम आणून देता. रविवारपर्यंत वाट बघतंय, मगे त्याकाच सांगतलंय."

स्कूटर कॉनरॅडला चालवता येत नव्हती. त्याच्याकडे होती मुलाने गोव्याला जाताना टाकलेली गियरची सायकल. जाड खाचांचे टायर, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा. डांबरावर टायर गुरगुरत, आणि चढावर पेडल दाबलं की निम्मा जोर स्प्रिंगच खाई. जोर वाया जातोय हे त्याच्या पोटऱ्यांना कळत होतं.

त्याने भंगारातून साधा लोखंडी चिमटा आणला, नळी करवतीने कापून बसवला. हँडल खाली आलं, अंग वाकलं, वारा कमी लागू लागला. टायर मधल्या जाडीचे घेतले. बारीक घेतले असते तर माडांखालच्या रेतीत रुतले असते. पेडलजवळच्या दातेरी चक्रांतलं मधलं तेवढं ठेवलं. वजन नको म्हणून घंटीही काढली.

"घंटी काढलंस? पाव इले ता लोकांक कळतला कसा?" आपोलिनाने विचारलं.

"आरडतलंय."

"मगे पाव भट्टीतच भियान बसतले."

शेवटी राहिली चेन. बोटीवर लोखंडाचा वैरी खारं पाणी. उघडं लोखंड दिसलं की त्यावर ग्रीस थापायचं, ही हाताची सवय. त्याने चेनवर ग्रीस थापलं, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलच्या दातांतही कोंबलं.

शनिवारी डांबर सरसर मागे गेलं. लाल दगडाच्या वाटेवरही सायकल डगमगली नाही. मग रेती लागली. ग्रीसने ती धरली, चेन करकरली, दातांवरून उडाली आणि अडकली. कॉनरॅड उतरला. पावाची टोपली डोक्यावर घेऊन उरलेली वाट चालला.

सुगंधाच्या टेबलावर स्कूटरवाल्याचे पाव होते. तिने त्याच्या काळ्या हातांकडे बघितलं.

"सायकल ती, पात्रांव. ट्रॉलर नाय."

"रविवार उद्या आसा," तो म्हणाला आणि टोपली घेऊन परतला.

घरी त्याने चेन उतरवून डिझेलमध्ये धुतली. घासली, पुन्हा धुतली. तळाशी वाळू बसायची थांबली तेव्हाच बाहेर काढली. कोरडी करून प्रत्येक कडीला पातळ तेलाचा एक थेंब दिला आणि वरचं तेल पुसून टाकलं. आता गंज लवकर धरेल, चेन पुन्हा पुन्हा पुसावी लागेल. ते काम त्याने मान्य केलं. तरी उघडं लोखंड त्याला बघवत नव्हतं. दोनदा हात ग्रीसच्या डब्याकडे गेला, दोनदा त्याने मागे घेतला.

रविवारी रेतीत चेन बोलली नाही. खोल्यांची दारं अजून बंद होती. सुगंधाने टोपलीवरचं फडकं उचललं. वाफ आली. तिने नाक मुरडलं.

"डिझेलचो वास येता."

कॉनरॅडने हात पाठीमागे घेतले. "माझ्या हातांक येता. पाव हुंगून बघ."

तिने एक पाव फोडला, हुंगला, तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग टोपली उचलून आत निघाली.

"स्कूटरवाल्याक परत धाडतंय," ती आतून म्हणाली. "पण उद्या हात साबणान धुवन येवा."