दिनूची निळी फाईल

मुलांनो, दिनू मामाआजोबा गेल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं, त्याला सहा आठवडे झाले. तेव्हा सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. माझा हा धाकटा भाऊ अकोल्याच्या एका रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांना किरणं देणारं कोबाल्टचं मशीन चालवायचा. मशीन जुनं. आतला किरणोत्सर्गी कोबाल्ट, त्याला ते सोर्स म्हणत, कधी कधी परत आत जाताना मध्येच अडकायचा. मग खोलीत धावत जायचं, रुग्णाला बाहेर काढायचं आणि लांब दांड्यानं सोर्स मागे ढकलायचा. हे दिनूच करायचा. अंगाला किती किरणं लागली ते मोजायला छातीवर एक छोटा बॅज असे. दर तीन महिन्यांनी तो बॅज तपासणीला जाई आणि आकड्याचा कागद येई. दिनूजवळ कागद टिकत नसत, म्हणून तो ते माझ्याकडे अमरावतीला पाठवी आणि मी तारखेनुसार निळ्या फाईलमध्ये लावत गेले. एकाही कागदावर काळजीचा आकडा नव्हता. मला त्याचा अभिमान होता...

एकदा अकोल्याला त्याच्याकडे राहायला गेले असताना रुग्णालयात डबा घेऊन गेले, तर तो मशीनच्या खोलीतून घामाघूम होऊन बाहेर येत होता आणि बॅज दाराजवळच्या खुंटीवर. ‘‘वस्तू जागच्या जागी ठेवायला शिकलास एकदाचा,’’ मी म्हटलं. तो नुसता हसला.

पुढे त्याला रक्ताचा आजार निघाला. उपचारासाठी तो अमरावतीला माझ्याकडे आला. कामावर किरणं किती लागली, असं डॉक्टरांनी विचारताच मी फाईल पुढे केली. त्यांनी सगळी पानं उलटली. ‘‘यावरून आजाराचा कामाशी संबंध आहे, असं म्हणता येणार नाही.’’

परतताना ऑटोत दिनू म्हणाला, ‘‘ताई, ते कागद त्या खुंटीचे हायेत. सोर्स अडकला की मी बॅज काढूनच आत जात होतो.’’

‘‘काहून रे?’’

‘‘आकडा वाढला तर मले मशीनवरून काढतीन. दुसरा होता कोण? तेल्हाऱ्यावरून एसटीनं किरणं घ्यायले आलेल्या बाईले वापस पाठवू का?’’ मग हसत, ‘‘पन तू त्या खुंटीची तब्येत लय जपली, ताई...’’

मला हसू आलं नाही. खरा आकडा आता कुणालाच कळायचा नाही.

काल फाईल काढली. एकेका कागदावर पेन्सिलीनं लिहीत गेले : हा बॅज खुंटीवर होता. अर्ध्यावर हात दुखला. फाईल टेबलावर उघडीच पडली आहे, आणि मला ती आवरावीशी वाटत नाही.