पहाटेचा सर्व्हिस मेसेज

“बाय, तुझा डबा खोटं बोलतो,” रेजिना मावशी फोनवर म्हणाल्या. “रोज पहाटे खोटं बोलतो. त्याला घेऊन जा.”

मी वसईजवळ सातिवलीच्या एका छोट्या युनिटमध्ये काम करते. आम्ही पॉवर-फेल अलार्म बनवतो. नाव मोठं, वस्तू साधी. टिफिनएवढा डबा असतो, आत बॅटरी आणि मोबाइलचं सिम. डबा घरातल्या सॉकेटला लावायचा. लाइट गेली की तो मालकाच्या मोबाइलवर मेसेज पाठवतो. कोल्ड रूमवाले घेतात, कामणचे गोडाऊनवाले घेतात. सांडोरच्या रेजिना मावशींनी तो नवऱ्यासाठी घेतला होता.

जोसेफकाकांची फुप्फुसं निकामी होत आली आहेत. आयुष्यभर केळीच्या वाडीत राबलेला माणूस आता खाटेवर बसून असतो. नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कॉन्सन्ट्रेटर. म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन. ते विजेवर चालतं, आणि घरातल्या जुन्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. लाइट गेली की नळी शेजारच्या सिलिंडरला लावावी लागते. सिलिंडरची चावी फिरवण्याइतकी ताकद काकांच्या हातात उरलेली नाही. मुलगा आखातात. दिवसभर मावशी घरात असतात. एकट्या बाहेर पडतात त्या फक्त पहाटेच्या मिस्सेला. चर्चमधून धावत निघालं तर वेळेत घरी पोचता येतं. तेवढ्या वेळासाठी हा डबा होता.

मिस्सेत फोन बंद ठेवायचा, हा नियम. मावशींनी फादरांना सांगून परवानगी घेतली होती. सगळ्यात मागे, दारापाशी बसायचं, फोन हातात धरून. डब्याचा मेसेज आला की चष्मा काढून वाचत न बसता उठून पळायचं.

आणि मेसेज येत होता. रोज.

मी सांडोरला गेले. मावशींनी फोन माझ्यापुढे धरला. आमच्या डब्याकडून आलेले मेसेज एकाखाली एक होते. ‘लाइट गेली’ असा त्यात एकही नव्हता. ‘आजच रिचार्ज करा, हॅलो ट्यून मोफत.’ ‘तुमचं राशिभविष्य जाणून घ्या.’ ‘क्रिकेट पॅक, फक्त आज.’ सगळे पहाटेच्या अंधारातले.

“परवा कम्युनियन घ्यायला रांगेत उभी होते,” मावशी म्हणाल्या. “रांग सोडून पळाले. घरी येऊन बघते तर हे मस्त झोपलेले, मशीन चालू. आणि फोनमध्ये काय, तर तुमची रास कोणती!”

खाटेवरून काका हसले. “वाचायचं तरी होतंस. माझी कुठली ते कळलं असतं.”

“तुम्ही गप्प बसा. श्वास वाचवा.”

घडत होतं ते असं. डब्यात ज्या मोबाइल कंपनीचं सिम होतं, ती कंपनी त्या सिमवर स्वतःच्या जाहिराती पाठवत होती. डब्याला वाचता येत नाही. बाहेरून आलेला प्रत्येक मेसेज तो मालकाकडे ढकलतो. हे ढकलणं बंद करता येतं, पण मग सिमचा प्लॅन संपत आल्याची सूचनाही मालकापर्यंत पोचत नाही. प्लॅन संपतो आणि डबा मुका होतो. कंपनी सूचना आणि जाहिरात दोन्ही एकाच नावाने पाठवते. ही चूक नाही, हा धंदा आहे. ज्या दारातून गरजेची गोष्ट येते त्याच दारातून कचरा टाकला, की दार लावून घ्यायची कुणाची हिंमत होत नाही.

मी त्याच दिवशी सिमवर डीएनडी चालू केलं. डीएनडी म्हणजे मला जाहिराती नकोत, अशी कंपनीकडे केलेली नोंद. ती लागू होण्याची वाट पाहिली. मेसेज थांबले नाहीत. मग कस्टमर केअरला फोन लावला. आधी सनई, मग मशीनमधली बाई, मग एक मुलगा.

“मॅडम, तुमचं डीएनडी ॲक्टिव्ह आहे.”

“मग राशिभविष्य कसं येतं?”

“ते प्रमोशनल नाही मॅडम. सर्व्हिस मेसेज आहे.”

“कुणाची सर्व्हिस?”

“कस्टमरच्या माहितीसाठी असतं, मॅडम.”

“पहाटे?”

“सिस्टिम ऑटोमॅटिक पाठवते. त्यात माणूस नसतो.”

त्या मुलावर चिडून उपयोग नव्हता. त्याला समोरच्या स्क्रीनवर लिहिलेलं वाचायचा पगार मिळतो. पण ज्याने ते लिहिलं तो कुठेतरी बसलेला आहे. जाहिरातीचे मेसेज रात्री आणि पहाटे पाठवायला बंदी आहे. म्हणून जाहिरातीवर ‘सर्व्हिस’ असा शिक्का मारायचा. त्या एका शिक्क्याने वेळेचा नियमही ओलांडता येतो आणि डीएनडीही. ही युक्ती कुठल्याही मशीनला आपोआप सुचत नाही. ती माणसाला सुचते, एसीत बसून, दुपारच्या चहानंतर. आणि मग तोच माणूस म्हणतो, त्यात माणूस नसतो.

मी तक्रार नोंदवली. मावशींना म्हटलं, थोडे दिवस कळ काढा.

त्यांना ते जमलं नाही. का जमावं? मागच्या बाकावरून रोज उठून पळणारी बाई सगळ्यांना दिसत होती. चर्चच्या आवारात कुणीतरी म्हणालं, “रेजिनाला अख्खी मिस्सा सोसवत नाही वाटतं.” बाकीच्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी मावशींनी पायरीवरच फोन बंद केला, आत गेल्या आणि पूर्वीसारख्या पुढच्या बाकावर बसल्या. त्यानंतर रोज तसंच.

आणि त्याच आठवड्यात एका पहाटे लाइट गेली.

डब्याने मेसेज पाठवला. फोन बंद होता. घरात कॉन्सन्ट्रेटरचा स्वतःचा भोंगा वाजत राहिला. ऐकायला कुणी नव्हतं, आजूबाजूचे भाजी घेऊन बाजाराला गेले होते. तेवढ्यात पाववाला आला. खिडकीच्या गजाला पिशवी अडकवताना त्याला भोंगा ऐकू आला. आत डोकावला तर काकांचे ओठ निळे. सिलिंडरचं त्याला काही कळत नव्हतं, पण रेजिना मावशी या वेळी कुठे असतात हे त्या रस्त्यावर सगळ्यांनाच माहीत. त्याने सायकल चर्चकडे दामटली आणि भर मिस्सेत दारातून ओरडला, “मावशी! काका!”

मावशींनी धावत येऊन नळी सिलिंडरला लावली. ॲम्ब्युलन्स आली. काका आयसीयूत गेले.

निरोप मिळाला तशी मी हॉस्पिटलला गेले. हे सगळं मला दुपारी तिथल्या पॅसेजमध्ये कळलं. मावशी बाकड्यावर बसून एकच वाक्य म्हणत होत्या. “मी फोन बंद केला, बाय. मीच बंद केला.”

बोट त्यांचं होतं. पण ते बटण दाबायला महिनाभर कोण भाग पाडत होतं, हे मला माहीत होतं. मी सरळ ऑफिसात गेले. आमचे मालक नाईकसर त्या डब्याची नोंद उघडूनच बसले होते.

“आपला मेसेज वेळेवर गेलाय,” सर म्हणाले. “आपण क्लिअर आहोत.”

“काका आयसीयूत आहेत, सर.”

“मला वाईट वाटतंय गं. पण सगळी सिमं आपण त्यांच्याकडूनच घेतो. पंगा नको.”

“मग मी एकटी जाते.”

“जा. पण आपल्या युनिटच्या नावाने बोलू नकोस.”

“कुणाच्या नावाने बोलू? काकांच्या?”

सरांनी नोंद बंद केली.

मोबाइल कंपनीचा एरिया मॅनेजर वसईतच बसतो. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. अशा माणसांना ऐकून घेण्याचं ट्रेनिंग असतं.

“मॅडम, एखादा मेसेज चुकून जातो.”

“रोज जातो. आमच्या प्रत्येक डब्याच्या सिमवर जातो.”

“त्याचा पुरावा लागेल ना. असं करा, मेसेज आला की लगेच मला फॉरवर्ड करा. हा माझा पर्सनल नंबर. मी स्वतः बघतो.”

हे वाक्य माणसाला बाहेर काढण्यासाठी असतं. पहाटे उठून फॉरवर्ड करत बसायला कुणाला वेळ आहे, हा त्याचा हिशेब. आमचे डबे दुसरं काय करतात, हे त्याला माहीत नव्हतं.

डब्यात मालकाच्या नंबराखेरीज आणखी एक नंबर घालता येतो. संध्याकाळभर मी आमच्या ग्राहकांना फोन केले. काय झालं ते सांगितलं आणि परवानगी मागितली. एक कोल्ड रूमवाला म्हणाला, “या मेसेजपायी बायको मला हॉलमध्ये झोपायला लावते. घाल त्याचा नंबर.” कामणच्या गोडाऊनचा मॅनेजर म्हणाला, “त्याच्या सासऱ्याचा नंबर असेल तर तोही घाल.” नाही म्हणणारा एकही भेटला नाही. नाईकसरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ग्राहकाने सांगितलं तर करायचंच. मला विचारलंस कशाला?”

पहिल्या पहाटे काही झालं नाही, त्याचा फोन बहुधा सायलेंटवर असावा. दुसऱ्या पहाटे माझा फोन वाजला.

“अहो, काय चाललंय काय! मघापासून फोन थांबत नाहीये!”

“पुरावा आहे, सर. तुम्ही मागितला होता.”

“या वेळी?”

“आला की लगेच पाठवा म्हणालात.”

“माझी लहान मुलगी उठून रडतेय!”

“सर्व्हिस मेसेज आहे, सर. ऑटोमॅटिक जातो. त्यात माणूस नसतो.”

मागे मुलीचं रडणं ऐकू येत होतं. मला तिचं वाईट वाटलं. त्याचं अजिबात नाही.

“बंद करा ते ताबडतोब.”

“तुम्ही बंद करा. तुमच्याकडून येतं तेच आमचे डबे पुढे पाठवतात.”

सिस्टिमला इतके दिवस जे जमत नव्हतं ते त्यानंतर लगेच जमलं. आमच्या डब्यांची सिमं यादीतून वगळल्याचा ईमेल आला. त्यात दिलगिरीचा एक शब्द नव्हता. ‘आपल्याला अधिक चांगली सेवा देण्यासाठी’ एवढं मात्र होतं. वगळले ते फक्त आमचेच नंबर. बाकी वसई-विरार पहाटे दचकून उठतंच आहे. त्याबद्दल मी वर लेखी तक्रार केली आहे. पोच आली, उत्तर आलेलं नाही.

काका घरी आले. आता बोलताना दर दोन शब्दांनी थांबतात. मी मावशींच्या देखत मेन स्विच पाडून डबा तपासून दिला. मेसेज लगेच आला. मावशींनी तो वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

“चांगला आहे तुझा डबा,” त्या म्हणाल्या. “पण मी आता घरीच असते.”

पहाटेची मिस्सा त्यांनी सोडली आहे. कम्युनियन द्यायला फादर घरी येतात. याची भरपाई कुठल्या स्कीममध्ये बसते, ते त्या मॅनेजरने अजून सांगितलेलं नाही.

असे मेसेज बंद कसे करायचे, असं लोक मला विचारतात. डीएनडी करा. तक्रार करा, तिचा नंबर जपून ठेवा. आणि साहेबाचा स्वतःचा मोबाइल नंबर मागून घ्या. बाकी सगळं सिस्टिममध्ये जातं. तेवढा एक नंबर माणसाच्या उशाशी वाजतो.