बोज्झंगाची लिंक

बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि पाली शिकायला लागले. नोकरीत असताना रविवारी विहारात वंदना म्हणायची, एवढाच त्यांचा पालीशी संबंध. आता ते रोमन लिपीतले जाडजूड ग्रंथ वाचनालयातून आणायचे आणि एकेका सुत्ताचा, म्हणजे बुद्धाच्या उपदेशाचा, मराठी अर्थ वहीत उतरवायचे. अशा अकरा वह्या भरल्या, तेव्हा मी म्हटलं, याचं एक वेबपेज करू. मी हडपसरला आयटी कंपनीत आहे, मला ते अवघड नव्हतं.

मजकूर बाबांनीच फोनवर टाइप केला, एका बोटाने. अर्थ मराठीत, पण मथळे रोमन अक्षरांत, म्हणजे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांनाही ते वाचता येतील. मथळ्यांवर सगळ्या खुणा हव्यात हा त्यांचा हट्ट. ‘ए’च्या डोक्यावर आडवी रेघ, ‘एन’वर टिंब. "रेघ गेली की तो शब्द राहत नाही," असं ते म्हणायचे.

पान फार लांब झालं, म्हणून मी सुरुवातीला अनुक्रमणिका टाकली. नाव दाबलं की थेट त्या भागापाशी जायचं. घाईत केली आणि तपासलीही नाही.

आठवड्याने बाबांचा फोन आला. काही नावं दाबली तर पान जागचं हलत नाही. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर साधे मथळे चालत होते आणि रेघा-टिंबांचे अडत होते. कारण लगेच कळलं. रेघेचा ‘ए’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकतर ते एकसंध अक्षर असतं, नाहीतर साधा ‘ए’ आणि त्याला जोडलेली वेगळी रेघ. मथळ्यांत बाबांच्या फोनने दुसरी तऱ्हा वापरली होती, अनुक्रमणिकेत माझ्या लॅपटॉपने पहिली. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ब्राउझरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. उपाय सोपा होता. प्रत्येक भागाला आतून एक साधं, बिनरेघेचं नाव द्यायचं आणि लिंक त्याला जोडायची. वरचा मथळा तसाच राहतो. चाळीसेक मथळे, तासाभराचं काम. रविवारी करते म्हटलं. एका रविवारी ऑफिसचं काम निघालं, एका रविवारी मी नुसती झोपून राहिले, तिसऱ्याचं कारण आता आठवतही नाही.

याच दिवसांत बाबांच्या मित्राचा आजार बळावला. दोघं विदर्भातून एकाच वेळी पुण्यात नोकरीला आलेले. काका निवृत्तीनंतर नागपूरला परत गेले होते. बोज्झंग म्हणजे बोधीची सात अंगं. आजारी माणसाच्या उशाशी त्यांचं पठण करायची रीत आहे. बाबांनी अनुक्रमणिकेतून त्या भागाची लिंक घेऊन काकांना पाठवली. काकांचं उत्तर आलं, वाचतोय. बाबांनी मला विचारलं, त्यांच्याकडे नीट उघडत असेल ना? मी मीटिंगमध्ये होते. उघडतं की, मी म्हणाले. पान उघडत होतं, हे खरंच होतं.

काका गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आणि बाबा नागपूरला गेलो. जेवणं झाल्यावर काकू बाबांजवळ येऊन बसल्या.

"तुमचं रोज वाचत होते, भाऊजी. पण वरून सुरू करायचे. थोडं वाचलं की हात भरून यायचा, मग फोन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी उघडलं की परत पहिल्यापासून."

"बोज्झंगापर्यंत आले होते का?" बाबांनी विचारलं.

"ते कुठं होतं? मलाच विचारायचे, भाऊंनी पाठवलं ते कुठंय, काढून दे. मला काही सापडलं नाही."

बाबांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. दौंड मागे पडल्यावर मी कसंबसं बोलले. "बाबा, माझ्यामुळे झालं. तासाभराचं काम होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने डबा माझ्याकडे सरकवला आणि पोळी खाऊन घे म्हणाले.

घरी आल्यावर मी अंघोळही न करता लॅपटॉप उघडला आणि चाळीसही मथळे नीट केले. पन्नास मिनिटं लागली. बाबांना फोन हातात दिला. त्यांनी बोज्झंगावर बोट ठेवलं, पान सरसर खाली जाऊन तिथे थांबलं. त्यांनी चष्मा वर करून पहिली ओळ वाचली. "बरोबर आहे," म्हणाले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

त्याला आता वर्ष होत आलं. विहारातली मंडळी ते पान वापरतात. मध्यंतरी एका बाईंनी मुद्दाम कळवलं, हवं ते पटकन सापडतं म्हणून. मी ते बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं. लिहिणं त्यांनी सोडलेलं नाही. सकाळी चहानंतर ते वही घेऊन बसतात. पण आता फोनवर टाइप करत नाहीत. वही द्या, मी पानावर चढवते, असं मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "राहू दे. तुला कामं असतात."