वैदबुवांचे घडे

घड्याला कान लावून बसलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या शेजारचे वैदबुवा रोज सकाळी तसे बसायचे. कोणी आलं की एक बोट वर करून त्याला गप्प करायचे. "थांबा भाऊ, बोलून राहिला तो." मग कान काढून, बोरू शाईत बुडवून वहीत काहीतरी लिहायचे.

अमरावतीत तेव्हा कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. गल्लीत गाड्यांच्या रांगा, अंगणात सरकीचे ढीग. मी एका अडत्याकडे कारकून होतो. दिवसभर कापसाशिवाय दुसरा शब्द कानावर पडत नसे. बुवांच्या ओसरीवर मात्र एकच विषय, मनुकांचं आसव. घरी केलेली द्राक्षाची दारूच ती, पण औषधाची. मनुकांचा काढा, गूळ, ते आंबवायला धायटीची फुलं, आतून तूप चोपडलेला घडा, तोंडावर कापडमाती, आणि मग महिनाभर सरकीच्या उबेत आतल्या आत फसफसणं.

प्रत्येक घड्याला वहीत एक पान असे. गूळ कुठल्या गावचा, फुलं ओली की सुकी, हवा कशी. पेटती वात घड्यात धरली तर विझली की तेवली, तेही. वात तेवत राहिली म्हणजे आसव तयार. एका पानावर मी वाचलं, 'आज शेजारीण फार ओरडली. घड्यावर परिणाम नाही.'

"हे काहून लिवलं, बुवा?"

"उद्या घडा बिघडला तं तिच्यावर आळ नको याले."

ती शेजारीण म्हणजे माझी बायको.

पुढल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली आणि बायकोचा आवाजच बसला. अन्न समोर आलं की मान फिरवायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. बुवांनी पाचव्या घड्यातलं आसव दिलं, रोज दोन पळ्या. आठव्या दिवशी तिने भाकरीबरोबर ठेचा मागितला. मी धावत जाऊन बुवांचे पाय धरले.

"पाय सोडा भाऊ. घडा संपत आला."

त्यांनी पान उघडून तसाच दुसरा घडा घातला. महिन्याने उघडला तर आंबट ढाण. तोवर पाचवा घडा संपला होता, आणि बायको पुन्हा पेजेवर आली होती.

बुवांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. बोट फिरवत एकेक ओळ मोठ्याने वाचली. मनुका त्याच, गूळ तोच, पाणी त्याच विहिरीचं. शेवटी बोट थांबलं. एका पानावर 'सरकी जुनी, हाताले कोमट'. दुसऱ्यावर नुसतं 'सरकी नवी'.

ते उठले, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन मागे ओढला. "भाजून राहिली हो!"

वजन वाढावं म्हणून त्या वर्षी लोक कापसावर पाणी मारत. ती ओली सरकी आतल्या आत तापली होती. गावात जुनी, कोरडी सरकी कोणाकडे उरली नव्हती. बुवा रिकामं पोतं घेऊन वलगावला चालत गेले. ओळखीच्या कास्तकाराने बैलांसाठी ठेवलेली सरकी दिली. ते पोतं डोक्यावर घेऊन संध्याकाळी परतले आणि नवा घडा त्यात पुरला.

विसाव्या दिवशी माझा धीर सुटला. "उघडा न बुवा आता!"

त्यांनी वात धरली. विझली. ते लिहायला बसले.

"ती मरून राहिली अन् तुमी लिवत बसता?"

बुवांनी बोरू खाली ठेवला. "माह्या बायकोले एका घड्यानं भूक लागली होती, भाऊ. तो घडा संपला. दुसरा तसा जमलाच नाही. काय घातलं, किती घातलं, सारं डोक्यात आहे म्हणत होतो मी. डोक्यात काईच नव्हतं." मग त्यांनी घड्याचं तोंड पुन्हा लिंपलं.

चौतिसाव्या दिवशी वात तेवली. बुवांनी ती विझवलीच नाही. तशीच एका हातात धरून, दुसऱ्यात आसवाची वाटी घेऊन आमच्या दारी आले. "सूनबाई, उठा."

ती उठली, सावकाश. संक्रांतीला तिने दुखण्यानंतर पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला, तेव्हा ओसरीवर बुवा एकटेच हसत होते.

लढाई संपली, कापूस उतरला, गल्ली रिकामी झाली. बुवांना त्यांची लेक अकोल्याला घेऊन गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिकडून एका गाडीवानाने निरोप आणला की बुवा गेले.

 बायकोने शेण कालवलं आणि बुवांच्या बंद घराची ओसरी सारवायला घेतली. दुडुदुडु चालणारी मुलगी मागून गेली आणि ओल्या सारवणावर तिची पावलं उमटली. बायकोने ती पुसली नाहीत.