रानात नुसतं उभं राहणं

आमच्या तळेगावात बाई रानात दिसली की तिच्या हातात काहीतरी असतं. खुरपं, पाटी, भाकरीचं फडकं, निदान मोबाईल तरी. माझ्या हातात ब्रश होता, पण तो रस्त्यावरून दिसत नव्हता. दिसायचं एवढंच, की अमक्यांची सून सकाळच्या पारी बांधावर नुसती उभी आहे.

चाळिशी उलटल्यावर मला तैलरंगांचं वेड लागलं. मुलगा शिकायला पुण्याला गेला होता, नवरा शिफ्टला जायचा, आणि शिरूरला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर रविवारी शिकवायचे. फुलदाण्या काढून झाल्यावर ते म्हणाले, "आता बाहेर जाऊन काढा. फोटोवरून नको." त्यांना सांगायला काय जातं! मी आमच्याच रानात चित्राचा तीन पायांचा स्टँड मांडला, तर पहिल्याच दिवशी दोन मोटारसायकली थांबल्या. एकाने विचारलं, जमिनीची मोजणी आली का. दुसरा तडक आमच्या घरी निरोप देऊन आला, की सूनबाईंची तब्येत बरी दिसत नाही. मी तणतणत सगळं गुंडाळलं आणि ठरवलं, हे आपल्याच्यानं होणार नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुरपं घेऊन दारात उभ्या.

"चल. गुरांच्या घासात तण लई झालंय. मी खुरपते, तू तुझं कर. कुनी इचारलं तर म्हन, आत्यासंगं आलेय."

मग कुणी थांबेना. सासू खुरपतेय म्हटल्यावर सून काही का करेना. त्या आडोशाने मी शिकले. ट्यूबमधला हिरवा तसाच फासला की ऊस प्लास्टिकचा वाटतो. पिवळ्यात कणभर काळा घातला की तो उसासारखा दिसू लागतो. ऊन कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे सावल्या आधी मांडून घ्यायच्या. ओल्या रंगात चिलटं चिकटतात, ती तशीच राहू द्यायची आणि वाळल्यावर झटकायची. हे सगळं मास्तरांनी सांगितलेलंच होतं, पण रानात उभं राहिल्याशिवाय ते हातात उतरलं नाही. वर्षभरात आमचा घास गावात सगळ्यात स्वच्छ झाला. तण उरलं नव्हतं, तरी आत्या खुरपत होत्या.

दिवाळीच्या आवराआवरीत मी सगळी चित्रं भिंतीला लावून ठेवली. आत्यांनी एकेक निरखून पाहिलं. विहीर ओळखली, कडुलिंब ओळखला.

"आपलंच रान हाय. पन मानूस न्हाई की कुठं."

"तुम्ही नेहमी माझ्या मागंच असता, आत्या."

"मुद्दामच असते," त्या म्हणाल्या. "तुझ्या चित्रात मधीच माझं कुठं लुडबुडनं."

मला फार वाईट वाटलं. माझ्या पाठीमागे होणारा खुरप्याचा आवाज मी वर्षभर ऐकत होते, आणि तो मागेच का आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुढे जायला सांगितलं, लिंबाच्या अलीकडे, उन्हात. त्या गेल्या आणि लगेच खाली वाकल्या.

"वाकू नका. खुरपं ठेवा बांधावर. नुसत्या उभ्या राहा."

"नुसती?" त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "लोकं काय म्हनतील?"

याच प्रश्नाने पहिल्या दिवशी मलाही पळवून लावलं होतं. मी सावल्या मांडायला घेतल्या. थोड्या वेळाने त्यांनीच खुरपं बांधावर ठेवलं. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. पदरात घातले, कमरेवर ठेवले, शेवटी सोडून दिले. सत्तरीच्या बाईचा तो ताठ उभा आकार मी पहिल्यांदाच नीट बघत होते. इतकी वर्षं एका घरात राहून त्या माझ्याहून उंच आहेत हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात दुधाची गाडी रस्त्यात थांबली. आता या वाकणार, असं मला वाटलं.

"काय करताय, मावशी?" दूधवाल्याने हाक दिली.

आत्या हलल्या नाहीत.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "उभी हाय."