शेवटच्या भागाची वाकडी सीडी

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो. मलेरिया डोक्यात गेला, एवढंच त्याच्या मेहुण्यानं सांगितलं. बाजूला होऊन मी भिंतीला टेकलो... तेव्हाचा थकवा अजून अंगातून गेलेला नाही.

आमची दोस्ती जपानी कार्टूनांवर पोसलेली. मी चंद्रपूरला कॉलेजात, तो आलापल्लीच्या वनखात्याच्या क्वार्टरमध्ये आईसोबत. तिकडे तेव्हा इंटरनेट कुठलं! इथल्या सायबर कॅफेतही एकेक भाग उतरायला अख्खा दिवस जायचा. मालकाच्या नाकदुऱ्या काढून मी कॉम्प्युटर चालू ठेवायला लावायचो. मग सीडी भरायची आणि आलापल्लीच्या एसटीत ड्रायव्हरभाऊंच्या हाती सोपवायची. तिकडे स्टँडवर सुहास हजर, जणू पाहुणाच उतरणार आहे. त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नसत, म्हणून तो आवाज बंद करून सगळं आपल्या बोलीत सांगायचा. जपानी तलवारबाज म्हणायचा, "काऊन बे, मले ओळखलं नाई का?" सुट्टीत गेलो की हसून हसून माझं पोट दुखायचं.

भावाला शोधायला घर सोडून गेलेल्या पोराची एक मालिका काकूंच्या फार जिवाची. तिचा शेवटचा भाग मी ऐन मे महिन्यात पाठवला. ड्रायव्हरभाऊंनी जपून राहावी म्हणून सीडी नेमकी समोरच्या काचेपाशी ठेवली, आणि आमच्याकडचं ऊन! सीडी पापडासारखी वाकली. कॅफेवाल्यानं फाइल केव्हाच पुसलेली. पुन्हा उतरवायला गेलो तर ती कोणाकडेच मिळेना. "पोरगा घरी आला का नाई रे?" काकू विचारत राहिल्या. शेवटी सुहासनं बंद पडद्यासमोर बसून शेवट सांगून टाकला. पोरगा आला, मायनं भात वाढला.

परवा काकूंना भेटायला गेलो.

"आता मोबाइलवर सगळं भेटते म्हणतात. तो शेवटचा भाग दाखव न बापा. सुहासनं मनचाच सांगतला होता, मले तवाच समजलं."

मी लावला. मीही पहिल्यांदाच पाहत होतो. पोरगा काही परत येत नाही. दारात त्याची आई तेवढी उभी.

"काय म्हणून राह्यली ते?"

"काही नाही, काकू... वाट पाहते आहे."

काकूंनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "आवाज बंद कर. सुहास सांगे तसं सांग."

टीव्हीमागच्या खिळ्याला ती वाकडी सीडी अजून टांगलेली होती. तिच्याकडे बघत मी भातापासून सुरुवात केली.