परवानगी दिली होती

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय मी घरी नीट सांगितला नाही, तिथून हे सुरू झालं. चूक माझीच होती, आणि ती एका शब्दाची होती.

विषय होता चीनच्या तांग राजवटीतल्या लष्करी प्रांताधिकाऱ्यांचा. आठव्या शतकात तिथे सीमेवरच्या एका सेनापतीने मोठं बंड केलं. ते शमवता शमवता दरबार इतका थकला की बंडातल्याच काही सरदारांना माफी देऊन ईशान्येकडचे प्रांत त्यांच्याच हाती ठेवावे लागले. हे लोक आपलं सैन्य आपण पाळायचे, सारा आपण वसूल करायचे, राजधानीकडे क्वचितच काही पाठवायचे. तरी बादशहाला बादशहा म्हणायचे. त्यांच्या पदाला चिनी भाषेत ज्येदूशी म्हणतात.

बाबा हॉस्पिटलमध्ये पोर्टर आहेत. पेशंटना वॉर्डातून एक्स-रेला न्यायचं, परत आणायचं. त्यांची शिफ्ट दुपारी संपते, आणि साडेतीनला ते एकटेच जेवतात. एकदा मी त्यांच्यासमोर बसले होते तेव्हा त्यांनी विचारलं, "मग यंदा काय लिहितेयस?"

"ज्येदूशी म्हणून असायचे, बाबा, त्यांच्यावर."

"जेवू देशी? मग आधी जेवू देशील का?" ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

मला वाटलं, विषय इथेच संपायला नको. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी काय शिकते हे त्यांना कळावं असं मला नेहमी वाटतं, आणि सांगायला गेले की मराठी अपुरं पडतं. लहानपणी इथे इंग्लंडात, लेस्टरमधल्या शनिवारच्या मराठी वर्गात शिकले होते की सुभा म्हणजे प्रांत. म्हणून म्हणाले, "म्हणजे सुभेदार. सुभेदारांवर लिहितेय."

बाबांचा घास हातातच राहिला. "सुभेदार? कुठले?"

"जुने. फौजेतले."

"हा विषय घ्यायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाच आवडला."

त्यांनी आईकडे पाहिलं. "ऐकलंस?" एवढंच म्हणाले आणि आणखी एक पोळी घेतली. ते इतके खूश का झाले ते मला कळलं नाही. मी आपली खूश झाले.

कळलं ते दोन आठवड्यांनी, फोनवर. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर संक्रांतीच्या कार्यक्रमाचं पोस्टर आलं होतं. तिळगूळ, मुलांचे नाच, आणि मध्यभागी आमच्या हॉलमधला आजोबांचा गणवेशातला फोटो. खाली लिहिलं होतं: "आमचे सुभेदार आजोबा. नातीचे संशोधन, तिच्याच शब्दांत." आजोबा फौजेत होते हे मला माहीत होतं. सुभेदार हा त्यांचा हुद्दा होता, हे माहीत नव्हतं. त्यांना मी फक्त दोनदा भेटले होते, साताऱ्याजवळच्या गावी, आणि तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन.

पोस्टर मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. मंडळात बहुतेक सगळे डॉक्टर. अध्यक्ष तर बाबांच्याच हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट. बाबा मंडळात खुर्च्या लावतात, चहाचे थर्मास भरतात, आणि कार्यक्रम सुरू झाला की मागच्या भिंतीशी उभे राहतात. त्यांना कुणी वाईट वागवत नाही. फक्त त्यांना सांगण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही.

खरं सांगायचं मी ठरवलं. शुक्रवारी ते मला गाडीने युनिव्हर्सिटीत सोडत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "काल डॉक्टरसाहेबांनी कॉरिडॉरमध्ये मला थांबवलं. ट्रॉलीवर पेशंट होता तरी. म्हणाले, अहो, तुमच्या वडिलांबद्दल ऐकायला आम्ही उत्सुक आहोत."

मी म्हणाले, "हो का?"

"पेशंटसुद्धा म्हणाला, हू इज युअर फादर?" बाबा हसले. मी लायब्ररीपाशी उतरले आणि तिथे तासभर काही न वाचता बसून राहिले.

शेवटी आईला सांगितलं. ती सँडविचच्या फॅक्टरीत पॅकिंगला आहे, रविवारी घरी असते. ती तीळ भाजत होती. आधी ती हसली, मग हसणं थांबलं.

"म्हणजे तुझ्या आबा-आजोबांचा यात काहीच संबंध नाही?"

"नाही. चीन आहे, आई."

"आणि ह्यांनी आख्ख्या मंडळाला सांगितलंय."

"मी खोटं बोलू का तिथे?"

"खोटं नको बोलूस. पण आबांचं तुला खरं तरी काय माहीत आहे? चीनच्या लोकांचं एवढं वाचतेस, बाबांना जरा विचार की."

मी विचारलं. चीनचं मात्र त्यांना सांगितलं नाही. माझ्याच्याने ते झालं नाही. बाबांनी कपाटातून पासपोर्टची फाईल काढली आणि त्यातून एक साधं वहीचं पान काढलं, चार घड्या घातलेलं.

आजोबांची इच्छा होती की बाबांनी फौजेत जावं. भरतीची तारीखही ठरली होती. बाबा मुंबईला मित्राकडे जातो म्हणून निघाले आणि एका ओळखीच्या माणसाबरोबर, हॉटेलच्या किचनमधल्या कामासाठी, इंग्लंडला आले. घरी कुणालाच माहीत नव्हतं. इथून त्यांनी पत्र टाकलं: मी सुखरूप पोचलो, तुमची परवानगी असावी.

"पोचल्यावर परवानगी मागितली?" मी विचारलं.

"आधी मागितली असती तर मिळाली नसती."

हे पान म्हणजे त्या पत्राचं उत्तर. त्यात पीकपाण्याचं होतं, म्हशीचं होतं, आणि शेवटी एक ओळ: "तुला जाण्यास परवानगी दिली होती, असे घरी व गावात सर्वांस सांगितले आहे."

मला ती ओळ पुन्हा वाचावी लागली. माझं मराठी व्याकरण कच्चं आहे. दिली आणि दिली होती यांत मी कायम गोंधळते. "पण बाबा, त्यांनी दिली नव्हती ना?"

"नव्हती."

"मग दिली होती असं का लिहिलं?"

बाबांनी पान घडी करून ठेवलं. "सुभेदार होते. त्यांचं न ऐकता मुलगा गेला, असं कसं सांगतील?"

माझ्या नोट्समध्ये हेच लिहिलेलं होतं. प्रांताधिकारी वारला की मुलगा आधी गादीवर बसायचा. मग राजधानीला अर्ज करायचा की तात्पुरता कारभार सांभाळतो आहे, नेमणूक व्हावी. दरबार बहुतेक वेळा ध्वज आणि राजदंड पाठवून द्यायचा, जणू निवड बादशहानेच केली. एका बादशहाने नाही म्हटलं, तेव्हा युद्ध पेटलं. मी प्रबंधात या अर्जांना नाटक म्हटलं होतं. दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक असतं, मग कशाला, असं मला वाटायचं. ते पान पाहिल्यावर नाटक हा शब्द मला खोडावासा वाटला. त्याच्या जागी काय लिहावं ते मात्र सुचेना.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या त्या हॉलमध्ये हीटर धड चालत नव्हता. बाबा नेहमीसारखे मागे, थर्मासजवळ. मी माइक धरला आणि आधी खरं सांगून टाकलं. "पोस्टरवर चूक आहे, आणि ती माझी आहे. मी संशोधन करते ते सुभेदार चीनमधले आहेत."

पुढच्या रांगेतल्या एक काकू हसल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, चीन?" मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात पेपरकप होता आणि ते चहा ओतायचे थांबले होते. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. मला वाटलं, आता उतरावं.

उतरले नाही. सरदारांचं सांगितलं, त्यांच्या मुलांचं सांगितलं, अर्जांचं सांगितलं. आणि मग, न ठरवता, त्यांना न विचारता, पत्राचं सांगितलं. बाबा न सांगता निघून आले हेही त्यात आलंच. ती ओळ मला पाठ झाली होती. ती म्हटल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं. जी गोष्ट आजोबांनी गावापासून लपवली, ती मी माइकवरून सांगितली होती. पुढचं जे लिहून आणलं होतं ते वाचलंच नाही. धन्यवाद म्हणून खाली आले. टाळ्या झाल्या, पण त्या कशासाठी होत्या ते मला समजलं नाही.

बाबांकडे जायचं धाडस होईना. मी तिळगुळाच्या टेबलाशी रेंगाळले. अध्यक्ष डॉक्टर चहा घ्यायला बाबांपाशी गेले होते. तिथून मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, फार छान बोलली. आमच्या वडिलांनी तर मला वर्षभर पत्र लिहिलं नव्हतं." मग जरा आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "पण ती हे पत्राचं सांगणार, हे तुम्हाला माहीत होतं का?"

बाबांनी कप भरला, थर्मासचं झाकण लावलं.

"हो तर," ते म्हणाले. "परवानगी दिली होती मी."

डॉक्टर मान हलवून तिथेच थांबले आणि आजोबा कुठल्या पलटणीत होते ते विचारू लागले. बाबा सांगू लागले. मी खुर्च्या आवरायला घेतल्या.

घरी जाताना गाडीत मी म्हणाले, "बाबा, मी आधी विचारायला हवं होतं."

ट्रॅफिक लाइट हिरवा झाला, आम्ही बेलग्रेव्ह रोडला वळलो.

"विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो," ते म्हणाले.

ते रागावले होते की नव्हते, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. प्रबंधातला नाटक हा शब्द मी खोडला आहे.